हॉपरमधले गोळे कोणी पुसले?

१

सोमवारी सकाळी रोहिणीने पहिली फ्लॉपी कॉम्प्युटरमध्ये सरकवली, तेव्हा आम्ही चारपाच जण चहाचे ग्लास घेऊन दारात उभे होतो. मशीन बराच वेळ कर्र-कर्र करत राहिलं आणि मग पडद्यावर आलं, की ही फ्लॉपी वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का? तिने फ्लॉपी काढली, फुंकली, पुन्हा घातली. त्या काळी फुंकर हे सगळ्या यंत्रांचं पहिलं औषध होतं. गुण आला नाही. दुसरी फ्लॉपी तशीच, तिसरीही तशीच. तिसरी झाल्यावर तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "पुसलंय कुणीतरी. दीड वर्षाचं काम पुसलंय."

हे सत्त्याण्णव सालचं. शनिवारी दसरा झाला होता, दारावरचं तोरण अजून सुकलंही नव्हतं. आमचं वर्कशॉप बारामतीहून इंदापूरला जाताना, इंदापूर यायच्या थोडं अलीकडे. ट्रॅक्टरच्या मागं लावायची पेरणीयंत्रं आम्ही बनवायचो. मी बिरू, पिंपळीचा. आजा मेंढरांमागे फिरला, बापाने नांगर धरला आणि मी लेथवर उभा राहिलो. आज साठी जवळ आली तरी गरम लोखंडावर पडणाऱ्या कूलंटचा तो वास कुठे आला की मी सव्वीस वर्षांचा होतो.

आमच्या यंत्राचं एकच दुखणं होतं. वरच्या पेटीत, म्हणजे हॉपरमध्ये, ज्वारी भरली की खालच्या तोंडाशी दाणे एकमेकांना अडकून कमान धरायचे आणि पेरा थांबायचा. शेतकरी बिचारा ट्रॅक्टरवरून उतरून पेटीला काठीने बडवायचा. मोरगावची रोहिणी डिप्लोमा करून आमच्याकडे टेंपरवारी लागली, तिने हे दुखणं मनावर घेतलं. कॉम्प्युटरवर आकार जाळीने विणायचा एक तयार प्रोग्राम होता. त्याला जोडायचा आपला एक तुकडा तिने लिहिला. तिच्या भाषेत प्लगइन. त्याचं काम एकच. जाळीने विणलेल्या कुठल्याही आकारात बारीक गोल गोळे भरत जायचे, एकात एक घुसू द्यायचे नाहीत आणि ते वजनाने खाली कसे बसतात ते दाखवायचं. ज्वारीचा दाणा गोलच, म्हणून गोळे. दोन हजार गोळे भरायला तेव्हा सकाळपासून संध्याकाळ व्हायची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे घेऊन तिथे बसायचो आणि "किती भरलं गं?" विचारायचो, जशी काय आमच्याच घरची कणगी भरत होती.

बुधवारी पुण्याच्या कंपनीची माणसं ते बघायला येणार होती. त्यांना पटलं तर रोहिणी कायम होणार, नाहीतर दिवाळीला तिची मुदत संपत होती. हे वर्कशॉपमधल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं.

मालक विजयसिंह धावत आले. त्यांचा राग नेहमी त्यांच्या आधी पोचायचा. वडिलांच्या फोटोकडे हात करून सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्यानं कुणी हे केलंय, त्यानं परत ह्या गेटात पाय ठेवायचा न्हाय. मग तो कुणी का असंना!"

आणि दुपारी तेच मालक रोहिणीला बाजूला घेऊन विचारत होते. मी लेथमागे होतो, मला ऐकू आलं. "खरं सांग, पोरी. प्रोग्राम नीट चालतच नव्हता, म्हणून तूच पुसलास न्हवं?"

२

पोलिसात जायचं तर सांगायचं काय, गोळे चोरीला गेले? तेव्हा मंगळवारी सकाळी मालकांनी कळंबहून प्रयागबाईंना जीप पाठवून आणलं. बाई तिथल्या शाळेच्या निवृत्त हेडमास्तरीण. मालकांसकट, माझ्यासकट अर्धं वर्कशॉप त्यांच्या हाताखालून गेलेलं. कोणता पोरगा खोटं बोलताना नाक ओढतो आणि कोणता पायाचा अंगठा जमिनीत रुतवतो हे त्यांना वीस वर्षांनीही आठवायचं. शाळेची पितळी घंटा चोरीला गेली होती तेव्हा त्यांनी कोणाला छडी लावली नाही की दरडावलं नाही. नुसती विचारपूस करत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी घंटा परत टांगलेली होती.

बाईंनी चपला कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर काढल्या, पदर खोचला आणि रोहिणीसमोर बसल्या.

"मला अडाणी समज आणि सांग. ह्या सहा तबकड्या कुठून आल्या?"

रोहिणीने सांगितलं. गुरुवारी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. बारामतीहून माणूस आला आणि म्हणाला, आतलं सगळं धुऊन काढल्याशिवाय इलाज नाही. तिने आपलं सगळं काम सहा फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं आणि मग कॉम्प्युटर धुतला. पहिल्या तिन्हीवर प्रोग्राम, चौथीवर हॉपरची जाळी, पाचवी-सहावीवर भरलेले गोळे. एकावर एक रचल्या, एक नंबर सगळ्यात वर, रबर लावलं, कपाटात ठेवल्या आणि संध्याकाळच्या एस. टी.ने मोरगावला गेली. शुक्रवारी खंडेनवमी, शनिवारी दसरा, रविवारी सुट्टी.

"दुसरी प्रत?"

"न्हाय ठेवली, बाई." तिचा आवाज बसला. "सोमवारी परत टाकायचंच होतं."

"बरं. आता सहाही लाव. एकेक. मी बघते."

एक, दोन, तीन, काहीच नाही. चौथी लागली, नावं दिसली, पण फाइल उघडेना. पाचवीतलं निम्मं निघालं. आणि सहावी! सहावी बिनतक्रार उघडली. पडद्यावर हॉपरचा खालचा भाग आला, गोळ्यांनी गच्च भरलेला, आणि तोंडाशी त्यांनी धरलेली कमान अगदी स्वच्छ दिसत होती.

"मालक, बघा! चालत व्हता का न्हाय प्रोग्राम?" मी ओरडलोच.

मालकांनी तोंड फिरवलं. "असली चित्रं कुणीबी काढंल. प्रोग्राम कुठाय?"

बाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी सहा फ्लॉप्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी बोटाने चाचपली. "ह्या सगळ्यांची खिडकी उघडी कशाला ठेवलीस?"

"ते कुलूप हाय, बाई. ते असं उघडं असलं की कॉम्प्युटर फ्लॉपी वाचतो, पण तिच्यावर लिहीत न्हाय आन् पुसतबी न्हाय."

"मग सहाच्या सहा अजून कुलपातच आहेत," बाई म्हणाल्या. "आणि तरी आतलं गेलं."

३

बाईंनी पहिला बोलावला संभाजी. हा आमचा ड्रॉइंग करणारा, वीस वर्षं पेन्सिल आणि टी-स्क्वेअरवर काढलेली. कॉम्प्युटर आला तसा त्याचा बोर्ड कोपऱ्यात गेला आणि त्यावर लोक डबे ठेवायला लागले. रोहिणीच्या गोळ्यांना तो 'साबुदाणा' म्हणायचा. सगळ्यांची बोटं आधी त्याच्याकडेच वळली होती, माझंही.

"संभाजी, संध्याकाळी सगळे गेल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत एकटा काय करतोस?"

संभाजीच्या पायाचा अंगठा जमिनीत रुतला. "कुणी सांगितलं?"

"तूच, आत्ता."

तो म्हणाला, "पत्ते खेळतो, बाई. त्यात पत्त्यांचा डाव हाय एकट्यानं खेळायचा. माउस धरता यायला लागला तर ही पोरगी मलाबी शिकवंल, असं वाटलं. पर आधी तिच्याकडं कुठल्या तोंडानं जायचं? साबुदाणा म्हणत व्हतो न्हवं मी." आणि हा चाळिशीचा बाप्या नाक पुसायला लागला. मला माझ्या बोटाची लाज वाटली.

"खंडेनवमीला आला होतास?"

"आलो व्हतो की. पर त्या दिवशी कोण हत्याराला हात लावतंय? आरती केली, पेढा खाल्ला, घरी गेलो."

दुसरी स्वरूपा, ऑफिसात टायपिंग करणारी. कपाटाची किल्ली तिच्याकडे असायची. "शुक्रवारी सकाळी सगळीच कपाटं उघडली, बाई. पूजेला हत्यारं काढायची असत्यात. पर माझी पत्रांची फ्लॉपी त्याच कपाटात व्हती, ती चांगली हाय. काम कुणीसुदिक केलं न्हाय त्या दिवशी. शप्पथ."

"उंदीर, ओल, ऊन काहीच नव्हतं म्हणजे," बाई स्वतःशीच बोलल्या. "त्याच कपाटातली शेजारीण धडधाकट आहे."

तिसरा दत्तोबा. ह्याला सगळे तात्या म्हणायचे. मालकांच्या वडिलांनी पत्र्याच्या शेडमध्ये पहिला लेथ लावला तेव्हापासूनचा माणूस, आता टूलरूम सांभाळायचा. मला पहिल्यांदा टूल धरायला त्यानेच शिकवलं, माझ्या चुकीने त्याचं एक नख गेलं तरी आवाज चढवला नाही. कमरेला टूलरूमची किल्ली, कपाळाला भंडारा. बाईंच्याच वयाचा असेल, पण त्यांच्यासमोर शाळकरी पोरासारखा हात बांधून उभा राहिला.

"तात्या, शुक्रवारी ह्या खोलीत कोणी काम करताना पाहिलंत?"

"काम? खंडेनवमीला?" तात्याला धक्काच बसला. "आवो बाई, त्या दिशी हत्याराला इसावा असतोय. अडतीस वर्सं मी हितं पूजा मांडतोय. कुणी साधी कानस जरी उचलली तर मी हात धरीन त्याचा."

तो खरं बोलत होता. ते बाईंनाही कळलं आणि मलाही. सगळेच खरं बोलत होते. आणि दीड वर्षाचं काम तर गेलंच होतं.

बाईंनी एक नंबरची फ्लॉपी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. मग मला खुणेने जवळ बोलावलं.

"बिरू, तुझे डोळे चांगले आहेत. ह्या लेबलवर काय दिसतं?"

कोणीतरी फडक्याने नीट पुसलं होतं, पण कागदाच्या रेषांत रंग राहिला होता. हळद. ती शिंतोड्यासारखी नव्हती. दोन सरळ पट्ट्या होत्या, शेजारीशेजारी, मधे बोटभर कोरी जागा. आणि फ्लॉपीच्या पत्र्याच्या झाकणाला लोखंडाचा काळा, केसाएवढा कीस चिकटलेला.

"असं दोन पट्ट्यांचं बूड असलेली वस्तू तुमच्याकडे कोणती?"

मला ती वस्तू माहीत होती. रोज वापरत होतो. आणि ती कोणी, कुठे, कशी ठेवली असेल हेही मला त्याच क्षणी कळलं.

"आठवत न्हाय, बाई," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नाक ओढलं होतं.

४

जेवणानंतर बाईंनी सगळ्यांना टूलरूममध्ये जमवलं. तिथे मधोमध एक जाड ओतीव लोखंडाचं सपाट टेबल होतं. जॉब मोजायला वापरायचं, म्हणून आरशासारखं गुळगुळीत घासलेलं. खंडेनवमीची पूजा दरवर्षी त्यावरच मांडली जायची.

"मी सगळ्यांना विचारलं, शुक्रवारी काम कोणी केलं," बाई म्हणाल्या. "सगळे नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं. माझाच प्रश्न चुकला. तात्या, तुम्ही पूजा मांडली होती तशीच मला आत्ता मांडून दाखवा. रोहिणीच्या फ्लॉप्यांऐवजी ह्या घ्या, स्वरूपाने दिल्यात, जुन्या पत्रांच्या. सहाही चांगल्या आहेत, मी लावून बघितल्यात."

तात्याचा चेहरा उजळला. मला ते बघवेना. तो मन लावून मांडायला लागला. कडेने नट आवळायचे पाने, हातोड्या, कानशी. मग व्हर्निअर. मग मालकांच्या वडिलांचा जुना मायक्रोमीटर. मधे स्वच्छ फडकं, त्यावर सहा फ्लॉप्यांची चळत. वरचीला हळद-कुंकू.

"फ्लॉप्या पूजेत कशा काय घेतल्या, तात्या?"

"मंग? पोरीचं हत्यार न्हवं ते? ती गावाला गेलती, तिच्या हत्याराला कोण पुजणार? मीच काढल्या कपाटातनं." तो आठवून हसला. "लई गुळगुळीत. फुलं वाहिली की घसरायच्या. म्हणून वर ह्यो ठिवला."

आणि त्याने डायलचा, म्हणजे मापाचं घड्याळ मशीनवर धरून ठेवायचा, मॅग्नेट स्टँड उचलून चळतीवर ठेवला. टूलरूममधली सगळ्यात महागाची वस्तू. खाली लोखंडी ठोकळा, त्याच्या बुडाला मधे खाच आणि दोन बाजूंना दोन पट्ट्या. ठोकळ्यात चुंबक, बाजूला खटका. खटका फिरवला की मशीनला असा चिकटतो की दोन माणसांनी ओढला तरी सुटत नाही.

तात्याने खटका फिरवला. "आता बसल्या घट्ट. मंग झेंडू वाहिला, सगळं झाकून गेलं."

बाईंनी घड्याळ बघून पाच मिनिटं थांबवलं, मग चळत रोहिणीच्या हातात दिली. आम्ही सगळे तिच्यामागे गेलो. पहिली लागली नाही. दुसरी नाही, तिसरी नाही. चौथीत नुसती नावं. पाचवीतलं निम्मं. सहावी चांगली.

"चोर असा असतो का?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "वरचीतलं सगळं खाल्लं, खालची तशीच सोडली. त्याला आत काय लिहिलंय ते कळत नव्हतं. तो नुसता वरून खाली जात होता, जेवढा दूर तेवढा दुबळा. कुलूप न उघडता आत जाणारा एवढा एकच होता. फ्लॉपीवरची अक्षरं शाईची नसतात, तात्या. ती चुंबकाचीच असतात. मोठ्या चुंबकाने छोटी पुसली."

तात्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

५

मालकांचा चेहरा पडला होता. रोहिणीवर घेतलेला संशय त्यांना बोचत असणार, पण त्याहून जास्त बोचत होता तो वडिलांच्या फोटोपुढे उच्चारलेला शब्द. तात्याने त्यांना बोलायची वेळच आणली नाही. कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली.

"मालक, तुमी म्हणलात ते बराबर हाय. मी जातो. पोरीचं वाटुळं केलं मी."

तो गेटाकडे चालायला लागला. मी खोटं बोललो होतो ते ह्याच्याचसाठी, आणि काही उपयोग झाला नव्हता.

"तात्या, थांबा," रोहिणी म्हणाली. दोन दिवसांत ती रडली नव्हती, आता डोळे भरले होते. "मला एक सांगा. माझ्या फ्लॉप्या मधी का ठेवल्या? मधी तर थोरल्या मालकांचा मायक्रोमीटर असतोय दरसाल."

तात्या वळला. "व्हय. औंदा तो कडंला सारला. अडतीस वर्सं मी हत्यारं बघितली, पोरी. समदी लोखंड कापायची. दाना कुठं अडतोय ते सांगणारं हत्यार मी पैल्यांदा बघितलं. तेला मधीच जागा पायजे."

रोहिणीने पदराने तोंड पुसलं आणि मालकांपुढे जाऊन उभी राहिली. "दादा, दीड वर्ष झालं मला हितं. कुणी ह्याला साबुदाणा म्हणलं, कुणी खेळ म्हणलं. काल तुमी चोर म्हणलात. हत्यार म्हणणारा हा पहिला माणूस. नुकसान माझं झालंय, तवा बोलायचा हक्क माझा. तात्या कुठं जायचे न्हाईत. प्रोग्राम माझ्या डोक्यात हाय, मी परत लिहीन. दुसरी प्रत न ठेवायची चूक माझी, ती मी भरीन."

"आन् बुधवार?"

"बुधवार गेला, दादा."

विजयसिंह फोटोकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली, तात्याच्या मागे गेले आणि आपल्या हाताने त्याच्या कमरेला बांधली. रागीट माणूस होता, पण आमचा मालक होता. अजून त्या आठवणीने मला त्यांचा अभिमान वाटतो.

बुधवारी पुण्याची माणसं आली, ते एक चित्र बघितलं, चहा घेतला आणि "कळवतो" म्हणून गेली. त्यांनी काही कळवलं नाही. दिवाळीला रोहिणीची मुदत संपली, तेव्हा मालकांनी तिला कायम केल्याचं पत्र दिलं. ते पत्र पडद्यावर माउस धरून टाइप केलं होतं संभाजीने, आणि त्यात चार चुका होत्या.

तिने सगळं परत लिहिलं. त्यात थंडी गेली. तात्या मात्र त्या दिवसानंतर कॉम्प्युटरच्या खोलीत कधी शिरला नाही. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा नाही. कोणी बोलावलं तर हात पाठीमागे बांधून बाहेरच उभा राहायचा. म्हणायचा, "नगं बाबा. माझं हात लोखंडाचं हाईत." आम्ही हसायचो, पण तो हसत नसायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी प्रोग्राम पहिल्यांदा पूर्ण चालला. हॉपरमध्ये गोळे पडायला लागले, आम्ही सगळे काम सोडून जमलो. तात्या नेहमीसारखा बाहेर, खांबाला टेकून. तिथून त्याला पडद्याची पाठ तेवढी दिसत होती. रोहिणीने ते बघितलं. ती खुर्चीवरून उठली, तारा सैल केल्या, तो जड पडदा दोन्ही हातांनी उचलला आणि दाराकडे तोंड करून ठेवला. मग स्वतः जमिनीवर बसली, आणि आम्हालाही बाजूला व्हायला लावलं.

संध्याकाळपर्यंत गोळे भरत होते. तात्या संध्याकाळपर्यंत उभा होता.